अकरावी सायन्सला विषय कोणते घ्यावेत? पीसीएमबी, पीसीबी, बायफोकल... (ऐरोली / ठाणे)

ऐरोलीकर_आई

नमस्कार सगळ्यांना. मुलीचा दहावीचा निकाल लागला, एसएससी बोर्ड, इंग्लिश मीडियम, बरोबर ९० टक्के. पेढे वाटले, फोन झाले आणि त्याच रात्रीपासून घरात एकच चर्चा चालू आहे की अकरावीला विषय काय काय घ्यायचे. सायन्स घ्यायचं एवढं नक्की आहे, ते तिचंच म्हणणं आहे, आम्ही मागे लागलेलो नाही. पण सायन्समध्ये पुढे काय, इथे सगळं अडलंय.

ह्यांचं म्हणणं पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो) घे, म्हणजे इंजिनिअरिंगही राहील आणि मेडिकलही राहील, दोन वर्षांनी काय ते ठरव. आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात बायफोकल (दोन विषयांच्या जागी घ्यायचा एक मोठा विषय) कॉम्प्युटर सायन्स घ्या, २०० मार्कांचा विषय आहे, टक्के वाढतात. एका क्लासमध्ये चौकशीला गेलो तर तिथल्या काउन्सेलरने दोन मिनिटं बोलून सांगितलं की संस्कृत कशाला, आयटी घ्या, आणि कॉलेजला जायची गरजच नाही आमचा कॉलेजशी टायअप आहे, आणि फीचा कागद पुढे केला. मुलगी तिथे एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली आई मला कॉलेजला जायचंय.

मार्क देते म्हणजे सांगायला सोपं जाईल: इंग्लिश ८६, मराठी ८८, संस्कृत ९७, गणित ७२, विज्ञान ८५, सामाजिक शास्त्रं ९४.

डॉक्टर व्हायचंय का विचारलं तर नाही म्हणते. इंजिनिअर, तर माहीत नाही म्हणते. आवड म्हणाल तर आपल्या ऐरोलीच्या खाडीवर ते जैवविविधता केंद्र आहे ना, तिथे सातवीत असताना शाळेने नेलं होतं तेव्हापासून पक्षी आणि खारफुटी ह्याचं वेड लागलंय. फ्लेमिंगो आले की रविवारी पहाटे बाबांना उठवून खाडीवर घेऊन जाते, वहीत तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि अंदाजे आकडा लिहून ठेवते. तीन वर्षांच्या वह्या आहेत. ह्याला करिअर म्हणायचं की छंद ते मला ठरवता येत नाही.

मला एवढंच हवंय की विषयांचं नीट मिश्रण व्हावं, सगळे अवघड एकत्र येऊन दोन वर्षं रडत जायला नकोत आणि सोपं सोपं बघून घेतलं आणि पुढे वाटच राहिली नाही असंही नको. कॉलेज ठाण्याला घ्यायचं की वाशीला तेही ठरायचंय, इथून दोन्हीकडे एकाच ट्रेनने जाता येतं. कोणी अनुभवी असेल तर कृपया सांगा, ऑनलाइन फॉर्मचा दुसरा भाग (कॉलेजांच्या पसंतीचा) भरायचा बाकी आहे.

कोपरीचा_पोरगा

काकू मी पीसीएमबी घेतलं होतं म्हणून लिहितोय, आता सेकंड इयर बीएस्सीला आहे. मला पण हेच सांगितलं होतं की दोन्ही वाटा राहतील. ऐकायला बरोबर वाटतं पण दिवस कसा जातो ते सांगतो. फिजिक्स केमिस्ट्री बायो तिघांची प्रॅक्टिकल्स, तिघांची जर्नल्स, वर गणिताची जर्नल वेगळी. कॉलेज संपलं की क्लास, आणि क्लासवाले दुसऱ्या महिन्यातच विचारतात इंजिनिअरिंगची सीईटी (पीसीएम) का मेडिकलची नीट परीक्षा, कारण त्यांच्या बॅच वेगळ्या असतात, दोन्हीची तयारी एकत्र कोणी करून घेत नाही. मग ज्याची बॅच घेतली नाही तो विषय आपोआप मागे पडतो. मी नीटची बॅच घेतली, गणित फक्त बोर्डापुरतं केलं, ते पण धड नाही झालं, गणितात ४९ आले आणि बारावीचे टक्के खाली आले. नीटमध्येही जमलं नाही.

म्हणजे मी दोन्ही वाटा ठेवल्या खऱ्या पण चाललो एकाच वाटेवर आणि दुसरीचं ओझं दोन वर्षं पाठीवर. ज्याचं गणित खरंच पक्कं आहे त्याने जरूर घ्यावं, माझा एक मित्र पीसीएमबी करून आरामात निघाला, पण त्याला गणित करायला बसावं लागायचं नाही, तो फावल्या वेळात करायचा.

आणि काकू ती वही जपून ठेवायला सांगा तिला. बीएस्सीला आम्हाला फील्डवर्क असतं, तिथे रोज न चुकता नोंद लिहिणं हेच आमच्यातल्या निम्म्या मुलांना जमत नाही.

गणिताच्या_मॅडम

मी ज्युनिअर कॉलेजमध्ये ३१ वर्षं गणित शिकवलं, आता रिटायर झालेय, नौपाड्यात राहते. ताई तुम्ही मार्क दिलेत ते फार बरं केलंत. पहिली गोष्ट मला जी दिसली ती सांगते. तुमच्या मुलीचे ९० टक्के हे बेस्ट ऑफ फाइव्हचे आहेत, म्हणजे सहापैकी सर्वात जास्त मार्कांच्या पाच विषयांचे. ९७, ९४, ८८, ८६ आणि ८५ ह्यांची बेरीज ४५०, पाचशेपैकी. म्हणजे त्या ९० टक्क्यांमध्ये गणित मुळात धरलेलंच नाही. घरात सगळेजण नव्वद टक्केवाली मुलगी म्हणून पीसीएमबीचा विचार करताहेत आणि ज्या विषयावर तो सगळा डोलारा उभा राहणार तो विषय त्या नव्वदात नाहीच. हे मी तिला कमी लेखायला सांगत नाही, ७२ वाईट नाहीत, पण निर्णय टक्क्यांवर न घेता एकेका विषयाच्या मार्कांवर घ्यायचा.

दुसरं, ७२ म्हणजे नक्की काय ते अजून कळत नाही. दहावीला गणित दोन पेपरचं असतं, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, आणि २० मार्क शाळेकडून. गुणपत्रिकेवर एकच आकडा येतो. विज्ञानाचंही तेच, भाग १ मध्ये फिजिक्स केमिस्ट्री आणि भाग २ मध्ये सगळं जीवशास्त्र आणि पर्यावरण, ४०-४० आणि २० प्रॅक्टिकल. तर तुम्ही असं करा, शाळेच्या प्रिलिमचे पेपर घरात असतील तर काढा, आणि चारही पेपरचे वेगळे मार्क मला इथे लिहा. बोर्डाच्या मार्कांपेक्षा ते चार आकडे जास्त सांगतात. मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना हेच चार आकडे विचारायचे आणि दिवाळीपर्यंत कोण कुठे अडकणार ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आकडे आले की मग बोलू. तोवर फॉर्मचा दुसरा भाग घाईने लॉक करू नका.

खारघर_बाबा

बायफोकलचा विषय निघाला म्हणून लिहितो, माझ्या मुलाने कॉम्प्युटर सायन्स बायफोकल केलं. सोसायटीतले काका म्हणतात ते खोटं नाही, २०० मार्कांचा विषय आहे, त्यात प्रॅक्टिकलचा वाटा मोठा असतो आणि मन लावून केलं तर मार्क मिळतात. पण त्याच्या बदल्यात काय जातं ते कोणी सांगत नाही. एकूण मार्क ६०० च राहतात. इंग्लिश १००, पीसीएम ३०० आणि कॉम्प्युटर २००. म्हणजे दुसरी भाषा पण गेली आणि बायो पण गेलं. माझ्या मुलाला दोन्ही नको होतं, त्याला पहिल्यापासून इंजिनिअरिंगच करायचं होतं, त्याच्यासाठी एकदम बरोबर निवड झाली. तुमच्या मुलीला संस्कृतमध्ये ९७ आहेत आणि जीव बायोमध्ये आहे, म्हणजे तिच्या आवडीचे दोन्ही विषय काढून हे घालायचं असं होईल. मार्क वाढतील म्हणून असं करू नका.

टायअपबद्दल पण सांगतो, धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही त्यात पडलो. कॉलेज नावापुरतं, मुलगी सकाळी ७ ते दुपारी ३ क्लासच्या इमारतीत, खिडक्यांना पडदे, मैदान नाही, लायब्ररी नाही. प्रॅक्टिकल बारावीच्या जानेवारीत आठ दिवसांत उरकली, तिला टायट्रेशन करताना ब्युरेट कशी धरायची ते परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं. दोन वर्षांची फी लाखांत गेली ते वेगळंच. अभ्यास झाला नाही असं म्हणणार नाही, एमसीक्यू भरपूर करून घेतले. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची ती दोन वर्षं मला परत देता येणार नाहीत ह्याचं मला अजून वाईट वाटतं. तुमची लेक स्वतःहून कॉलेजला जायचं म्हणते आहे तर तिचं ऐका हो ताई.

ऐरोलीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, प्रिलिमचे पेपर रद्दीत जायच्या गठ्ठ्यात सापडले, नशीब. बीजगणित ४० पैकी ३३. भूमिती ४० पैकी १७. विज्ञान भाग १ मध्ये २६ आणि भाग २ मध्ये ३७. मी तर भूमितीचा आकडा बघून बसलेच, कारण आम्हाला शाळेने फक्त बेरीज कळवली होती. तिला विचारलं तर म्हणाली भूमितीत मला काय सिद्ध करायचंय तेच कळायचं नाही, पाठ करून जायचे. हे इतके दिवस बोलली का नाही तर म्हणे तुम्ही क्लास बदलला असता.

तिला मी हे सगळे प्रतिसाद वाचायला दिले. बेस्ट ऑफ फाइव्हचं ह्यांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः बेरीज केली.

सीए_आर्टिकलशिप_ठाणे

एक वेगळा मुद्दा, सायन्स नक्की ठरलंय हे मान्य, पण इथे अजून कोणी वाचत असेल तर कॉमर्सवाल्यांसाठी पण लिहून ठेवतो कारण तिथेही हीच गडबड होते. कॉमर्सला इंग्लिश, दुसरी भाषा किंवा आयटी, बीके (बुक-कीपिंग), इको (इकॉनॉमिक्स), ओसीएम (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स अँड मॅनेजमेंट) आणि सहावा म्हणून एसपी (सेक्रेटरीअल प्रॅक्टिस) किंवा मॅथ्स. बरेचजण एसपी घेतात कारण पाठांतरावर निघतो. मी पण घेतला. मग सीएच्या पहिल्या परीक्षेला, फाउंडेशनला बसलो तर चार पेपरमधला एक अख्खा क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा, १०० मार्क, आणि प्रत्येक पेपरला किमान ४० लागतात. दोन वर्षं गणिताला हात लावलेला नसताना तो पेपर काढायला मला दोन अटेम्प्ट गेले. कॉमर्सचं गणित सायन्ससारखं नसतं, त्यात ट्रिगोनोमेट्री नाही, कमिशन, विमा, निर्देशांक, रिग्रेशन असं व्यवहारातलं बरंच आहे. दहावीला भूमितीत मार खाल्लेला पण बीजगणितात चांगला मुलगा ते आरामात करतो. तुमच्या मुलीचे आकडे बघून तेच वाटलं, उद्या विचार बदलला तर कॉमर्स विथ मॅथ्स तिला झेपेल.

गणिताच्या_मॅडम

ताई, आकड्यांनी बरंच काही सांगितलं. आता जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा आणि तिच्या बाबांनाही वाचायला द्या.

आधी गणित. मुलगी गणितात कच्ची आहे असं ह्या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. ४० पैकी ३३ बीजगणितात म्हणजे तिला आकडेमोड, समीकरणं, पायऱ्या पायऱ्यांनी जाणं जमतं. आकृती बघून तर्क करणं जमत नाही. आता बारावीच्या गणिताचे दोन भाग बघा. भाग १ मध्ये ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन, हे सगळं भूमितीच्या घरातलं, त्याच भागात मॅट्रायसेस आणि लॉजिक पण आहे ते तिला सोपं जाईल. भाग २ जवळपास सगळा डिफरन्शिएशन इंटिग्रेशनचा आणि शेवटी प्रोबॅबिलिटी. तो भाग बीजगणित चांगलं असलेल्या मुलांना जमतो, मी कित्येक बघितलीत. म्हणजे ती गणित घेऊन पास होईल, ७०च्या आसपासही जाईल. पण त्यासाठी रोजचा दीड-दोन तास जाईल, आणि सीईटीत पीसीएमला गणिताचे ५० प्रश्न २-२ मार्कांचे, म्हणजे २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे. जिला गणितावर एवढी मेहनत लागणार तिने ती परीक्षा मनात नसताना द्यायला जाणं, ह्यात मला अर्थ दिसत नाही.

आता एक इशारा दुसऱ्या बाजूने. गणित सोडलं की गणितापासून सुटका झाली असं होत नाही. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरा धडाच मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे, व्हेक्टर्स आणि थोडं कॅल्क्युलस, आणि पुढचं फिजिक्स त्याच्यावर चालतं. विज्ञान भाग १ ला २६ म्हणजे फिजिक्सकडे लक्ष द्यावं लागणार. गणित घेतलेल्या मुलांचा तो धडा आपोआप पक्का होतो, न घेतलेल्यांनी स्वतः बसून करावा लागतो. मी म्हणेन जून-जुलैमध्ये तेवढा एक धडा कोणाकडून तरी नीट शिकून घ्या, पूर्ण क्लास लावायची गरज नाही.

मग सहावा विषय कोणता हा खरा प्रश्न. इंग्लिश, दुसरी भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो हे पाच झाले. गणित नको तर सहाव्या जागी काय? बोर्डाच्या यादीत विषय पुष्कळ आहेत पण कॉलेजात शिकवायला माणूस असेल तेवढेच मिळतात. आपल्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांत सायन्सला पर्यायच नसतो, म्हणून ज्यांना नको असतं तीही मुलं नाइलाजाने गणित घेऊन पीसीएमबी करतात. पण काही कॉलेजांत सायन्सच्या मुलांना भूगोल घेता येतो. हा मला तिच्यासाठी फार योग्य वाटतो. सामाजिक शास्त्रांत ९४ आहेत, खाडी, भरती-ओहोटी, खारफुटी हे सगळं अर्धं बायोलॉजीत आणि अर्धं भूगोलात येतं. जी मुलगी भरतीची वेळ वहीत लिहिते तिला भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही.

संस्कृत की आयटी. आयटी वाईट विषय नाही. बारावी सायन्सच्या आयटीत वेब डिझाइनिंग, जावास्क्रिप्ट, पीएचपी असं आहे, ८० मार्कांची ऑनलाइन परीक्षा आणि २० प्रॅक्टिकल, पुढे कॉम्प्युटरकडे जाणाऱ्याने जरूर घ्यावा. पण ९७ मार्कांचा आवडता विषय सोडून फक्त स्कोरिंग म्हणून आयटी घेण्याचं कारण काय? संस्कृत तिला स्कोरिंगच आहे की. आणि मी पाहिलंय, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या रगाड्यात एक तरी विषय असा लागतो की जो उघडल्यावर मुलाला बरं वाटतं, त्या विषयाच्या बळावर बाकीच्याचा अभ्यास होतो. संतुलन म्हणाल तर माझ्या मते ते हेच आहे, दोन अवघड, दोन मधले आणि दोन आपले वाटणारे.

आता तिच्या बाबांची काळजी. गणित नसेल तर कोणत्या वाटा बंद होतात ते स्वच्छ सांगते. पीसीएमवरचं इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. काही ठिकाणी स्टॅटिस्टिक्स, डेटा सायन्स अशा बीएस्सीलाही अडचण येईल. उघडं काय राहतं ते पण बघा. नीट देता येते, म्हणजे मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, फिजिओथेरपी. फार्मसी आणि कृषी पीसीबीच्या सीईटीवर मिळतात. बीएस्सीत बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, लाइफ सायन्स, पर्यावरण. आणि कायदा तर कुठल्याही शाखेतून करता येतो, पाच वर्षांच्या लॉची वेगळी सीईटी असते. एवढं उघडं असताना त्या दोन वाटांसाठी दोन वर्षं रोजचे दोन तास द्यायचे का, हे बाबांनी ठरवू नये, तिला विचारावं. तिला जराही वाटत असेल की नाही, मला इंजिनिअरिंग बघायचंय, तर मग खुशाल पीसीएमबी घ्या आणि पहिल्या दिवसापासून भूमितीकडून सुरुवात करा, मी स्वतः फोनवर मदत करेन.

उलटी चूक, म्हणजे बायो सोडल्याची, दुरुस्त करायला थोडी जागा आहे हेही सांगून ठेवते. २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नियम सैल केला, बायोलॉजी बारावीनंतर अॅडिशनल विषय म्हणून पास केलं तरी नीटला चालतं. म्हणजे पीसीएम करणाऱ्यांना आता पूर्वीइतकी धास्ती नाही. पण तुमच्या घरात बायो सुटणारच नाहीये तेव्हा हा मुद्दा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.

सीवूड्सची_मावशी

मॅडमनी इतकं छान समजावलं की भर घालायची गरज नाही, फक्त फॉर्मचं एक सांगते कारण गेल्या वर्षी भाचीच्या वेळी आमची धावपळ झाली. २०२५ पासून अख्ख्या महाराष्ट्राची अकरावी ऑनलाइन झालीये. फॉर्ममध्ये तुम्ही कॉलेज आणि शाखा निवडता, १० पर्यंत प्रेफरन्स देता येतात. सहा विषय कोणते ते फॉर्मवर ठरत नाही, अलॉटमेंट झाल्यावर कॉलेजात अॅडमिशन घेताना ठरतं. आणि पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर. आम्ही नाव आणि कटऑफ बघून पहिला नंबर टाकला, लागलं, नाचलो, आणि खिडकीवर गेल्यावर कळलं की तिथे तिला हवा होता तो विषय नाहीच. बाहेर पडता येईना.

म्हणून फॉर्म लॉक करायच्या आधी कॉलेजात प्रत्यक्ष जा. वेबसाइटवर विषयांची यादी जुनी असते, त्यावर जाऊ नका. ऑफिसच्या खिडकीवर विचारलं तर घाईत हो म्हणतात, शक्यतो सायन्सच्या एखाद्या शिक्षकांना भेटा आणि विचारा की गेल्या वर्षी भूगोल घेऊन सायन्सची किती मुलं होती, संस्कृतचं लेक्चर आणि भूगोलाचं लेक्चर एकाच वेळेला तर येत नाही ना. दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, टाइमटेबलमध्ये क्लॅश झाला की विषय कागदावर असून उपयोग नाही.

कोपरीचा_पोरगा

अजून एक, प्रवासाचं. काकू ऐरोलीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलने मधे फक्त दिघा गाव येतं, पण सकाळी त्या दिशेला कशी गर्दी आहे आणि कॉलेज सकाळचं की दुपारचं ते बघून घ्या. सायन्सची प्रॅक्टिकल्स बऱ्याचदा लेक्चरच्या उलट्या वेळेला असतात, सकाळी लेक्चर आणि दुपारी प्रॅक्टिकल, मधे दोन तास रिकामे. घर जवळ असेल तर ते दोन तास मिळतात, लांब असेल तर कॅन्टीनमध्ये जातात. मी तलावपाळीला बसून घालवलेत ते तास, आता वाटतं लायब्ररीत बसलो असतो तर बरं झालं असतं.

खारघर_बाबा

ताई अॅप्टिट्यूड टेस्टबद्दल कोणी बोललं नाही. आम्ही धाकटीची केली नाही ही चूकच झाली. ठाण्यात आयपीएच आहे, मानसिक आरोग्याचं काम करणारी जुनी संस्था, तिथे चौकशी करा. विषय विकायला बसलेल्या क्लासच्या काउन्सेलरपेक्षा ज्याला आपल्या फीशी घेणंदेणं नाही अशा माणसाने मुलीशी तासभर बोललेलं बरं. नाहीतर इथे मॅडमनी जे चार आकड्यांत केलं तेही तुमच्यासाठी पुरेसं वाटतंय मला.

ऐरोलीकर_आई

उशिरा लिहितेय, चार दिवस फिरण्यात गेले. आम्ही तिघं मिळून पाच कॉलेजांत जाऊन आलो, ठाण्यात तीन आणि नवी मुंबईत दोन. मावशी तुम्ही सांगितलेला क्लॅशचा प्रश्न विचारला म्हणून वाचलो. एका ठिकाणी भूगोल पण होता आणि संस्कृत पण होतं, खिडकीवरच्या बाई म्हणाल्या हो हो मिळेल, पण वर जाऊन सरांना विचारलं तर दोन्हीची लेक्चर्स एकाच वेळेला. दोन ठिकाणी सायन्सला भूगोल नाहीच. एकीकडे भूगोल आहे पण संस्कृत नाही, दुसरी भाषा मराठी किंवा हिंदी. आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात दोन्ही मिळतात, वेळाही वेगळ्या आहेत, सरांनी टाइमटेबल काढून दाखवलं. मागच्या वर्षी तिथे सायन्सला भूगोल घेणारी नऊच मुलं होती.

ह्यांचं अजून पूर्ण मन होत नव्हतं. येताना ट्रेनमध्ये त्यांनी तिला सरळ विचारलं, मी पहिल्यांदाच त्यांना असं विचारताना बघितलं, की समज गणित घेतलंस आणि तुला चांगले मार्क पण मिळाले, तर इंजिनिअरिंगला जाशील का? ती म्हणाली नाही बाबा, तेव्हाही मी पक्षीच बघेन. मग म्हणाले ठीक आहे, पण मॅडम म्हणाल्या तो फिजिक्सचा दुसरा धडा मी तुला शिकवणार. ते डिप्लोमा मेकॅनिकल आहेत, व्हेक्टर्स येतात त्यांना. कालपासून जेवण झाल्यावर अर्धा तास दोघं बसतात, टेबलावर भाताचं भांडं बाजूला सरकवून बाण काढत असतात.

प्रेफरन्समध्ये ते ठाण्याचं कॉलेज एक नंबरला टाकलंय, दुसऱ्या नंबरला भूगोल-मराठीवालं, आणि तिसऱ्या-चौथ्याला जिथे पीसीएमबीच घ्यावं लागेल ती. तिथे लागलं तर मॅडम मी तुम्हाला भूमितीसाठी नक्की फोन करेन, तेवढी परवानगी असू द्या.

गणिताच्या_मॅडम

परवानगी कसली, हक्काने करा. आणि मेसेजमध्ये नंबर पाठवलाय. तिला सांगा वहीतल्या तीन वर्षांच्या आकड्यांचा महिन्यावार तक्ता करून त्याचा आलेख काढ, ग्राफ पेपरवर, हाताने. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्यावर पक्ष्यांची संख्या. झालं की मला फोटो पाठव म्हणावं, मी बघेन.